मिशीचं मतदान

आमच्या घरात निर्णय घेण्याचं खातं आता घरच्या माणसांकडे राहिलेलं नाही. आम्ही नवराबायको राहतो कांजूरमार्ग पूर्वेला, दोन खोल्यांत. पण आमचं मंत्रिमंडळ जगभर पसरलंय. उपासाला काय करायचं हे पुण्याची मावशी ठरवते. पडद्यांचा रंग न्यू जर्सीची आतेबहीण ठरवते. बुटांचं खातं शाळेतल्या एका मित्राकडे आहे, तो असतो दुबईला. आणि एकूणच मी कसं दिसावं, हा विषय आमच्याच सोसायटीच्या सी विंगमधल्या एका निवृत्त काकांनी स्वतःहून घेतलाय. या काकांची आणि माझी समोरासमोर भेट आजवर फक्त पार्किंगच्या भांडणात झालेली आहे.

ही सगळी मंडळी माझ्या मोबाइलमध्ये नांदतात. शाळेचा ग्रूप, ऑफिसचा ग्रूप, सोसायटीचा, बायकोच्या माहेरचा आणि माझ्या आजोळचा. यातल्या कुणालाही काहीही विचारलं तरी उत्तर येतं. विचारलेल्या प्रश्नाचं येत नाही, एवढीच काय ती अडचण.

२००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं तेव्हा अमिताभ बच्चनसमोर बसलेल्या माणसाला एका मित्राला फोन करायची मुभा होती. मित्राला तीस सेकंद मिळायचे, आणि ही सोय अख्ख्या खेळात एकदाच वापरता यायची. आम्ही ती सकाळच्या चहापासून वापरायला काढतो. शिवाय आमच्या मित्रांना सेकंदांची अट नाही. पहिले तीस सेकंद ते ‘आहेस कुठे हल्ली?’ यात घालवतात, मग स्वतःच्या गुडघ्यावर येतात, आणि आपल्या प्रश्नापर्यंत पोचेस्तोवर दुकान बंद झालेलं असतं.

मेव्हण्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. आम्ही कपडे घ्यायला दादरला गेलो. कांजूरला फास्ट गाडी थांबत नाही, त्यामुळे विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा अशी सगळ्यांची विचारपूस करत स्लो गाडीने जावं लागतं. दुकानात बायको साड्यांच्या बाजूला वळली आणि मला दोन कुर्ते पसंत पडले. एकच घ्यायचा होता. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, सगळ्या ग्रूपांवर टाकला आणि विचारलं, ‘डावा की उजवा?’

पहिलं उत्तर आलं, ‘कुणाच्या डावीकडचा? तुझ्या की माझ्या?’

दुसरं आलं, ‘कितीला?’

तिसरं आलं, ‘घाटकोपरला याच्या निम्म्या किमतीत मिळतो.’

चौथं आलं, ‘किती बारीक झालायस रे! तब्येत बरी आहे ना?’ फोटोत मी नव्हतोच. दोन कुर्ते होते, तेही घडी घातलेले.

मग रंगावरून जुंपली. मावशीला डावा कुर्ता मोरपंखी दिसत होता. दुबईच्या मते तो सरळसरळ करडा होता. सी विंगच्या काकांनी फोटो मोठा करून, त्यातल्या दुकानाच्या ट्यूबलाइटवर लाल गोल काढून पाठवला आणि खाली लिहिलं, ‘या उजेडात कपडा घेऊ नये.’ मी दुकानदाराला म्हटलं, “जरा बाहेर नेऊन उजेडात बघू का?” तो म्हणाला, “साहेब, घेताय की नुसतेच फोटो काढताय?”

फोटोतल्या रंगावरून भांडायची रीत तशी आमच्याकडचीच नाही. २०१५च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या वेळचा, नवरीच्या आईने घेतलेल्या झग्याचा फोटो इंटरनेटवर आला. निम्मं जग म्हणालं, झगा निळा-काळा आहे. निम्मं म्हणालं, पांढरा-सोनेरी आहे. घराघरांत नवराबायकोंनी एकमेकांच्या डोळ्यांवर संशय घेतला. झगा होता निळा-काळाच. पुढे शास्त्रज्ञांनी डोळा, उजेड आणि मेंदू यांचा संबंध लावत त्यावर निबंधसुद्धा लिहिले. पण त्या लोकांचं एक मानलं पाहिजे. त्यांनी आधी लग्न लावून घेतलं, मग फोटो जगाच्या हवाली केला. आमच्याकडे लग्नाला अवकाश होता आणि फोटो आधीच जगाच्या तोंडी गेला होता.

शेवटी मी दोन्ही कुर्ते परत ठेवले आणि मावशीच्या आग्रहाखातर तिसराच, खात्रीचा मोरपंखी घेतला. मावशीची शिफारस ठाम होती. तिच्या मुलाच्या साखरपुड्याला तसाच घेतला होता आणि तो त्यात राजबिंडा दिसला होता. मावशीचा मुलगा सहा फूट उंच आहे आणि त्याला पोट नाही, हे मला आरशात पाहताना आठवलं. लग्नाच्या दिवशी मावशी मांडवात भेटली. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “हा असला रंग तुला कुणी सुचवला रे?”

अनेकांनी मिळून ठरवायचं म्हणजे पेशवाईत हे असं नव्हतं. नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ साली नाना फडणीस, सखारामबापू बोकील वगैरे मंडळी एकत्र आली, राघोबादादांना बाजूला सारलं आणि सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळवून दिली. बारभाई म्हणतात ते हेच. डोकी निरनिराळी, स्वभाव निरनिराळे, एकमेकांवर भरवसा बेताचा. तरी वस्त्रांचा निर्णय झाला. त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं, हे मराठी राज्याचं भाग्य. असतं तर पहिला प्रश्न आला असता, ‘वस्त्रं सुती की रेशमी?’ दुसरा आला असता, ‘बाळ जरा बारीक वाटतंय.’ आणि सगळी चर्चा रंगात आल्यावर कुणीतरी हळूच विचारलं असतं, ‘दादासाहेब याच ग्रूपवर आहेत का?’ आता एका ग्रूपमध्ये १,०२४ माणसं मावतात. बारा जणांनी राज्य हलवलं. हजारजण जमले तर माझा कुर्तासुद्धा हलत नाही.

ग्रूपवरच्या सल्लागारांचे ठरलेले प्रकार असतात. पहिला प्रकार किंमत विचारणारा. तुम्ही कितीही सांगा, तुम्ही फसलेले असता. दुसरा प्रकार ‘मी सांगितलं होतं’वाला, याने आधी काहीच सांगितलेलं नसतं. तिसरा नुसता अंगठा दाखवणारा. ‘डावा की उजवा?’ या प्रश्नाला अंगठा हे उत्तर कसं होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. चौथ्याला आपल्या प्रश्नाशी देणंघेणं नसतं, त्याला एखादा फॉरवर्ड पाठवायला जागा हवी असते; तुम्ही चष्म्याची फ्रेम विचारा, तो गाजराचे फायदे पाठवतो. आणि सगळ्यांत भीतिदायक तो, जो वाचतो आणि गप्प राहतो. २०१४ साली व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या तेव्हापासून माणसाचं मौनसुद्धा वाचता यायला लागलं. ऑफिसच्या ग्रूपवर मी नवा चष्मा घातलेला फोटो टाकला, सगळ्यांच्या खुणा निळ्या झाल्या आणि कुणीही चकार शब्द काढला नाही. मी दुसऱ्या दिवशी जुना चष्मा घालून ऑफिसला गेलो. नवा अजून डबीत आहे.

बुटांचं प्रकरण पावसाळ्यातलं. दुबईच्या मित्राने बजावलं, ‘माणसाची पारख बुटावरून होते. स्वेडचे घे. एकदा घातलेस की दुसरे घालणार नाहीस.’ हे त्याचं भाकीत अक्षरशः खरं ठरलं. जुलैतल्या एका सकाळी मी ते मऊसूत बूट घालून घराबाहेर पडलो. स्टेशनच्या रस्त्यावर तेव्हा रस्ता कुठला आणि गटार कुठलं हे अनुभवाने ओळखावं लागत होतं. एक रिक्षा बाजूने गेली. तिने मला गुडघ्यापर्यंत भिजवलं, एवढंच सांगतो. स्टेशनबाहेरच्या चांभाराने एक बूट उचलला, उलटा केला, त्यातून पाणी ओतलं.

“साहेब, पावसात हे घालायला कुणी सांगितलं?”

“मित्राने.”

“मुंबईचा?”

“दुबईचा.”

“मग दुबईला जाऊन घाला.”

माझ्या आजवरच्या आयुष्यात कपड्यालत्त्यावर मिळालेला इतका नेमका सल्ला दुसरा नाही. तोही न विचारता.

हे झालं नटण्यामुरडण्याचं. साध्या रोजच्या गोष्टींतही तेच. एकदा अंधेरीला जायचं होतं. मी सोसायटीच्या ग्रूपवर विचारलं, ‘कांजूरहून अंधेरीला लवकरात लवकर कसं पोचावं?’ एकाने सांगितलं, स्टेशनच्या पश्चिमेला उतर आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची बस पकड. दुसरा म्हणाला, बसने संध्याकाळ होईल. घाटकोपरला जा आणि तिथून मेट्रो घे, २०१४पासून ती आहे कशासाठी? तिसरा म्हणाला, घाटकोपरच्या जिन्यावर चेंगरून मरशील, त्यापेक्षा दादरला जाऊन गाडी बदल. चौथ्याने अतिशय शांतपणे लिहिलं, ‘मेट्रो सहाचं काम चालू आहे, कांजूरवरूनच जाणार आहे. ती होऊ दे, मग जा.’ यानंतर बी विंगमधल्या एका वहिनींनी विचारलं, ‘अंधेरीला कुठे जाताय, भाऊजी?’ मी भोळेपणाने पत्ता सांगितला. ‘अय्या! माझी नणंद तिथून दोन गल्ल्या सोडून राहते. तिचा एक डबा द्याल का?’ मी अंधेरीला पोचलो तेव्हा माझ्या हातात लोणच्याची बरणी, एक कुकरचं झाकण आणि कुणाच्या तरी बाळाची टोपडी होती. ज्या कामासाठी गेलो होतो त्या माणसाची जेवायची सुट्टी झाली होती.

गादी घ्यायची होती तेव्हा म्हटलं, आता भावनेत वाहून जायचं नाही, शास्त्राला शरण जायचं. माझा एक भाचा पवईच्या आयआयटीत शिकलाय. त्याने एक्सेलचा तक्ता केला. जाडी, कापूस, फोम, गॅरंटी, पाठीचा कोन, झोपण्याची कूस, सगळ्यांना गुण दिले, गुणांना वजन दिलं, वजनांची सरासरी काढली. मग त्याचा फोन आला. “मामा, आकडेमोडीतून एक गोष्ट स्पष्ट होते.”

“कुठली घेऊ?”

“तुला गादीची गरज नाहीये. पलंग बदल.”

आमच्या सोसायटीच्या ग्रूपवर तातडीने आणि एकमुखाने उत्तर मिळेल असा प्रश्न एकच. रात्री उशिरा कुणीतरी लिहितं, ‘वास येतोय का?’ वारा कचऱ्याच्या डंपिंगच्या बाजूने फिरला की मिनिटभरात सगळ्या विंगा जाग्या होतात. ‘हो.’ ‘हो.’ ‘खूप.’ ‘खिडक्या लावा.’ कुणी किंमत विचारत नाही, कुणी गाजराचे फायदे पाठवत नाही. एरवी लिफ्टच्या रंगावरून वर्षभर भांडणारी माणसं एका सुरात बोलतात. कांजूरमध्ये एकमत व्हायला वाऱ्याने दिशा बदलावी लागते.

आणि मग ते मतदान झालं.

२०२२च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर मत घेण्याची सोय आली. प्रश्न टाका, पर्याय द्या, लोक बोट टेकवतात. पर्याय बारापर्यंत देता येतात. आता बारा पर्याय देता येतात म्हटल्यावर दोन देऊन कोण थांबेल? एका रविवारी संध्याकाळी मी सलूनमध्ये खुर्चीवर बसलो, गळ्याभोवती पांढरं कापड बांधून घेतलं आणि सलूनवाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला, “काका, मिशीचं काय करायचं?”

माझ्या मनात त्याच क्षणी लोकशाही जागी झाली. मी कापडाखालून मोबाइल बाहेर काढला आणि मतदान लावलं. ‘ठेवावी’, ‘काढावी’, ‘बारीक करावी’, ‘काळी करावी’, ‘दाढीही वाढवावी’ आणि असंच काही काही. शेवटच्या पर्यायाला काही सुचेना म्हणून ‘सांगता येत नाही’ लिहिलं.

पहिल्या काही मिनिटांतच कल स्पष्ट झाला. ‘काढावी’ची आघाडी मोठी होती. आजोळ, शाळा आणि ऑफिस एका बाजूला झुकले होते. सलूनवाला वस्तरा हातात धरून माझ्या मोबाइलमध्ये डोकावत होता, बाकावरची गिऱ्हाइकंही उठून मागे उभी राहिली होती. “काढतायत, काका,” त्यातला एकजण म्हणाला. मी जनतेचा कौल मानला आणि मान हलवली. उजवी बाजू साफ झाली.

त्याच सुमारास न्यू जर्सीत रविवारची सकाळ उजाडली. आतेबहीण उठली, तिचा नवरा उठला, तिथल्या सगळ्या भाचरांनी मोबाइल उघडले आणि ‘ठेवावी’ची मतं धडाधड पडू लागली. सासऱ्यांनी सगळ्या पर्यायांवर बोट टेकवलं आणि खाली लिहिलं, ‘सगळंच शोभेल.’ एकाने अनेक मतं दिलेली चालतात, ही खूण मी काढायला विसरलो होतो; त्यामुळे मतदारांपेक्षा मतंच जास्त झाली. सी विंगच्या काकांनी प्रक्रियेवर आक्षेप घेतला. “थांबा!” मी ओरडलो. वस्तरा हवेत थांबला. ओठाच्या डाव्या बाजूला मिशी होती, उजव्या बाजूला नव्हती.

“काका,” सलूनवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, “मागे गिऱ्हाईक थांबलंय. आता अर्धी लावून देणं काही माझ्या हातात नाही. अर्धी काढणं आहे.”

मी शेवटचा प्रयत्न म्हणून आकडे त्याच्यापुढे धरले. त्याने मोबाइल माझ्या हातातून अलगद घेतला, आरशासमोर पावडरच्या डब्याशेजारी पालथा ठेवला आणि दोन मिनिटांत प्रश्न निकालात काढला. बारा पर्याय असूनही हा निकाल मतदारांपैकी कुणाच्याच ताब्यात नव्हता.

घरी आलो. बायकोने दार उघडलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“मला विचारायचंत तरी,” ती शेवटी म्हणाली.

“तू आहेस की ग्रूपवर! मत का नाही दिलंस?”

“तो ग्रूप मी कधीचाच म्यूट केलाय.”

यावर पुतण्याने उपाय सुचवला. “काका, माणसांना विचारताच कशाला? एआयला विचारा.” मी विचारलं. आधीचा मिशीसकटचा आणि नंतरचा मिशीविना, असे दोन्ही फोटो दिले. त्याने कळवलं की दोन्ही रूपं आपापल्या जागी अतिशय प्रभावी आहेत आणि अंतिम निवड माझ्या आत्मविश्वासावर अवलंबून आहे. वर विचारलं, ‘आणखी काही मदत करू का?’ सासऱ्यांची मला नव्याने आठवण झाली.

माझी सल्ला द्यायची पद्धत मात्र अगदी वेगळी आहे, हे इथे नमूद केलं पाहिजे. मी मुद्द्याला धरून बोलतो. परवाच एका मित्राने विचारलं, ‘मुलीला सायकल घ्यायचीय, गिअरची घेऊ की साधी?’ मी ताबडतोब उत्तर लिहायला घेतलं. आमच्या लहानपणी भांडुपला तासावर सायकल भाड्याने कशी मिळायची, ब्रेक कसे नसायचे, एकदा मी उतारावरून सुटलो तो थेट भाजीच्या गाडीत कसा गेलो, भाजीवालीने काय काय शब्द वापरले, आणि वडिलांनी घरी आल्यावर पुढचं काम कसं पूर्ण केलं, हे सगळं सविस्तर लिहिलं. गुडघ्यावरच्या खुणेचा फोटोही जोडला. मित्राने अंगठा पाठवला. त्याने सायकल घेतली का, कुठली घेतली, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

तात्पर्य काढायचंच तर हे, की सल्ला मागितला की आपल्याला सल्ला मिळत नाही, समोरच्याचं चरित्र मिळतं. मावशी मोरपंखी म्हणत होती तेव्हा ती तिच्या मुलाचा साखरपुडा पाहत होती. दुबईचा मित्र स्वेडचे बूट माझ्या पायात नव्हे, स्वतःच्याच पायात पाहत होता, कोरड्या रस्त्यावर. बी विंगच्या वहिनींना अंधेरी म्हणजे नणंद. यात कुणाचा दोष नाही. सगळी आपली माणसं आहेत आणि पोटतिडकीने बोलतात. फक्त ती आपल्या कुर्त्याबद्दल बोलत नसतात.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. कपडा आवडला तर घेऊन टाका. बिल होऊ द्या, टॅग काढा, एकदा पाण्यात बुडवून वाळवा आणि मग त्याचा फोटो ग्रूपवर टाकून खुशाल विचारा, ‘कसा आहे?’ धुतलेला कपडा दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे कुणाचंच ऐकायची सोय राहत नाही आणि सगळ्यांना विचारल्याचं समाधानही मिळतं. हा लेख कसा वाटला, मोठा झाला का, मध्ये पेशवाई आणायची गरज होती का, हेही कळवू नका. तो छापून झालाय.